वाघिणीला नवा रेडिएटर

२ मार्च, रविवार
निर्णय झाला. गाडीची कूलिंग सिस्टीम मुळापासून बदलायची. प्रत्येक टप्पा इथे लिहून ठेवायचा. कुणाला दाखवायचा नाही.

वाघीण लाल आहे. दोन दारं, सहा सिलिंडर, आणि वय माझ्या चष्म्याच्या दुकानाहून जास्त. तरुणपणी हिच्या वाटेला कुणी जात नसे. आजही आवाज ऐकून माणसं वळून बघतात. बायको म्हणते, आवाज ऐकून नाही, वाफ बघून. ती वाघिणीला किटली म्हणते.

उद्दिष्ट : १० मे. लग्नाला तीस वर्षं. घाट चढून वरच्या हॉटेलात दोन रात्री. बेत गेल्या वर्षीचाच, पण तेव्हा वाघीण निम्म्या घाटात उकळली आणि बायकोला संध्याकाळपर्यंत रस्त्याकडेला उन्हात बसावं लागलं. घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. दमली असणार.

३ मार्च
हिला सांगितलं. म्हणाली, बसने जाऊ या, थेट हॉटेलच्या दारात सोडते. मी हसलो. ती हसली नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवल्यामुळे तिची विनोदबुद्धी जरा कोरडी झाली आहे. मग म्हणाली, ठीक आहे, बसेन गाडीत. पण वाटेत उतरायची वेळ आली, तर पुन्हा चढणार नाही.

म्हणजे होकार.

८ मार्च
मेहुणा आला. (बायकोचा धाकटा भाऊ. फ्रिज आणि एसी विकतो.) म्हणाला, दाजी, थंड करणं म्हणजे थंड करणं, त्यात फ्रिज काय नि इंजिन काय. हा जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आलाय. पण मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्या म्हणाला, ते पटलं. मुळात ते माझ्याच मनात होतं. तो आधी बोलला, एवढंच.

९ मार्च
उस्तादच्या गॅरेजवर गेलो. उस्ताद कशालाच नाही म्हणत नाही. काहीही विचारा, म्हणतो, होऊन जाईल. असे कारागीर हल्ली मिळत नाहीत.

२२ मार्च
रेडिएटर आला! काय चकाकतो! रात्री जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसता बघत बसलो. हिने विचारलं, जेवायचं कुठे. ओट्याशी उभं राहून जेवलो. उभ्याने पचन चांगलं होतं.

२३ मार्च
रेडिएटर बसत नाही. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त. नाकापेक्षा मोती जड. उस्ताद म्हणाला, होऊन जाईल, आणि त्याने कटर आणून वाघिणीच्या नाकाचा पत्राच कापायला घेतला. दिवसभर लोकांना सरळ समोर बघा म्हणून सांगणारा माणूस मी, पण त्या वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो.

५ एप्रिल
रेडिएटर बसला. आता इंजिनाच्या पंख्याला फिरायला जागा नाही. तो काढला. त्याऐवजी पुढच्या बाजूला विजेचा पंखा लावला. आता बॉनेट मिटत नाही. दोरीने बांधलं. मेहुणा म्हणतो, शर्यतीच्या गाड्यांचं बॉनेट मुद्दाम असंच उचललेलं ठेवतात. मला वाटलंच होतं.

१२ एप्रिल
पहिली चाचणी. सिग्नलपर्यंत पोचायच्या आत उकळली. पंखा उलटा फिरत होता. गार हवा आत ओढायची, तर हा गरम हवा बाहेर फेकत होता. पुढच्या स्कूटरवाल्याचा शर्ट फुग्यासारखा फुगला. तो उतरून मागे आला आणि बरंच काही बोलला. उस्तादचं म्हणणं, पंख्यात दोष नाही, फक्त दिशेचा प्रश्न आहे. वायरी उलटसुलट केल्या. झालं.

मूळ कल्पना बरोबर होती, हे सिद्ध झालं.

१३ एप्रिल
थर्मोस्टॅट काढून टाकला. ही एक चिमुकली झडप असते. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरते. तापण्याची वाट कशाला बघायची? ज्यांनी गाडी बनवली त्यांना एवढं साधं सुचलं नाही, याचं नवल वाटतं. उस्तादला पटलं. मेहुण्याला पटलं. हिला सांगितलं, तिघांचं एकमत झालंय. ती म्हणाली, गेल्या वर्षी घाटात उकळायच्या आधीसुद्धा तिघांचं एकमतच होतं.

२० एप्रिल
गाडीखाली कूलंटच्या हिरव्या, गोडसर वासाच्या पाण्याचं डबकं. तळमजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन आल्या. मी समजावलं की नवीन पाइप आहेत, मुरायला वेळ लागतो. त्या म्हणाल्या, मुरतं ते लोणचं. एक जुनं घमेलं देऊन गेल्या. मदतीचीच वृत्ती म्हणायची.

पाइपाची पकड आवळली. आता गळत नाही. फारसं.

२७ एप्रिल, सकाळ
विजय! हायवेवर लांबवर जाऊन आलो. तापमानाचा काटा मध्याच्या खाली. थंडगार हवा, मोकळा रस्ता, आणि वाघिणीचा तो जुना आवाज. डोळे भरून आले.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि माळ्यावरची निळी बॅग काढायला सांगितली. संध्याकाळी म्हणाली, त्या हॉटेलच्या गच्चीतून अख्खी दरी दिसते म्हणे. गेल्या वर्षीपासून मनात आहे. मी म्हणालो, दिसली म्हणून समज.

८ मे
दुपारच्या उन्हात काटा पुन्हा वर चढतोय. किरकोळ. उस्तादने रामबाण उपाय सांगितला. गाडीतला हीटर पूर्ण लावायचा. हीटर इंजिनाची उष्णता ओढून आत माणसांवर सोडतो, इंजिन गार राहतं. करून पाहिलं. काटा खाली! घरी आलो तेव्हा शर्ट पिळून वाळत घालावा लागला. हिने विचारलं, पोहून आलात का.

हीटरचं तिला आत्ताच सांगायला नको. उगाच काळजी करत बसेल.

१० मे, सकाळ
निघालो. मेहुणा आपली गाडी घेऊन दारात हजर. म्हणाला, ताईपुरती तरी ही न्या. हिने त्या गाडीकडे एकदा पाहिलं. मी नम्रपणे नकार दिला.

१० मे, घाटाचा पायथा
चहाला थांबलो, तेवढ्यात लिहितोय. काटा मध्यावर. गाडी उत्तम.

हिने वाटेत विचारलं, पायाशी गरम कशाने लागतंय. मी म्हणालो, उन्हाळा आहे. मग विचारलं, हीटर चालू आहे का. मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या, हो. तिने चपला काढल्या, पाय सीटवर घेतले आणि खिडकीबाहेर तोंड काढून बसली. माझ्यासाठी आणलेलं चॉकलेट पर्समध्ये वितळलं. रुमाल, किल्ल्या, चष्मा, सगळं त्यात. तिने पर्स मिटली आणि पुन्हा तोंड बाहेर काढलं. निसर्ग बघत असावी.

१० मे, घाट, पहिलं वळण
मागून बस आली. हिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, उतरली, हात केला. बस थांबली. मी म्हणालो, अगं, रागावू नकोस. ती म्हणाली, मी रागावले नाहीये, मला उकडतंय. कंडक्टरने निळी बॅग वर घेतली. खिडकीतून सगळी बस माझ्याकडे बघत होती. खरं तर वाघिणीकडे.

१० मे, जरा वर
अद्भुत! ही उतरल्यापासून काटा झपाट्याने खाली येतोय. म्हणजे प्रश्न वजनाचा होता. एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये! आता काटा तळाला टेकलाय. इतकी थंड ही गाडी मी कधीच पाहिली नव्हती. जाहिरातफलकाच्या सावलीत थांबून हे लिहितोय, कारण असा क्षण नोंदवायलाच हवा. हवेत गोडसर वास आहे. रानफुलं असतील.

हीटर बंद करतो. आता बसला गाठायचं, शेजारून जाताना हात करायचा.

१० मे, दुपार
बसला गाठलं नाही. लोखंडी कपाट जिन्यावरून पडावं तसा आवाज झाला आणि गाडी थांबली. किल्ली फिरते, बाकी काही नाही. काटा अजूनही तळाला.

उस्तादला फोन केला. त्याने विचारलं, पाणी आहे का. बघितलं. पाइप निसटून लोंबत होता, आत थेंब नाही. मग तो म्हणाला, काट्याच्या सेन्सरचं टोक पाण्यात असतं. पाणीच नसेल तर ते हवा मोजतं. म्हणजे सगळ्यात थंड दिसत होती, तेव्हा ती कोरडी जळत होती.

मी विचारलं, पण होऊन जाईल ना?

 तो म्हणाला, नाही होणार, साहेब.

बॉनेटची दोरी सोडली. पुन्हा बांधली. तिच्या छतावर हात ठेवून उभा राहिलो. पत्रा पोळत होता.

११ मे
काल टोचनवाल्याने वाघिणीला ओढत खाली नेलं. मी सिमेंटच्या ट्रकमधून वर आलो. हॉटेलवर पोचलो तेव्हा ही न्हाऊन गच्चीत बसली होती, बसमध्ये ओळख झालेल्या एका बाईंबरोबर. दोघी हसत होत्या. इतकी हसताना मी तिला अलीकडे पाहिलं नव्हतं. मनात तयार करून आणलेलं भाषण विसरलो. तिने माझ्या केसांतलं सिमेंट झटकलं आणि एवढंच विचारलं, जेवलात का.

दरी खरंच अख्खी दिसते.

आज नाश्त्याच्या वेळी ती आपण होऊन म्हणाली, पुढच्या वर्षीही असंच येऊ या. मी बसने येत जाईन, तुम्ही सावकाश गाडीने या. तिला मी सांगितलं की आता गाडी नाही. इंजिन गेलं, कायमचं. यापुढे दोघं मिळून बसनेच येऊ.

तिने हातातला चहाचा कप बशीत ठेवला. मग म्हणाली, म्हणजे तिकिटं दोन काढायची. आवाज एकदम पडला होता.

गाडीचंच वाईट वाटलं असणार.