चंद्रकांताबाईंना दिलेला ‘अ’

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली तपासणी झाली. पाय भरून आलेत. संस्थेची सहा घरगुती पाळणाघरं या महिन्यात तपासायची — प्रत्येकाला अ, ब नाहीतर क. क मिळाला की दूध पावडर बंद, पाळणाघर बंद.

आज मालूचं घर. एकच खोली, खाली पेटती चूल, आणि आठ मुलं! मागे विहीर, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. रांगणाऱ्या दोघांच्या कमरेला लुगड्याची किनार बांधलेली, दुसरं टोक मालूच्या पायाला. चूल बाहेर न्या म्हटलं. “बाय, भायेर वारा किती. पानी कशावर तापवू?” म्हणाली, आणि हसत भात ढवळत राहिली. मासळी विकणाऱ्या रोझलीनचा दीड वर्षाचा मार्सेल तिच्या पाठीवर चढून कुत्र्यासारखा भुंकत होता. सगळी मुलं त्याच्यामागे भुंकायला लागली. तक्त्यात चोवीस प्रश्न आहेत. यासाठी रकाना नाही.

९ फेब्रुवारी, गुरुवार

मालूला क लिहिला. चूल, विहीर, गर्दी — तिन्ही गोष्टी खऱ्या. उद्या एखादं पोर विहिरीत गेलं तर कागदावर सही माझी असणार.



१३ फेब्रुवारी, सोमवार

मालूचं पाळणाघर बंद झालं. रोझलीन ऑफिसात आली होती. सकाळी सहाला मासळीची टोपली घेऊन स्टेशनजवळच्या बाजारात बसते, दुपारी उठते. नवरा बोटीवर. मार्सेलला कुठं ठेवू, एवढंच विचारत होती. भांडली असती तर बरं वाटलं असतं. माणिकपूरच्या चंद्रकांताबाईंचा पत्ता दिला — तिच्या वाटेवरच आहे.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

चंद्रकांताबाईंकडे तपासणी. फरशी पुसलेली, पिण्याचं पाणी उकळून गाळलेलं, स्टोव्ह ओट्यावर, खिडकीला जाळी. सकाळी अकरा वाजता नऊच्या नऊ मुलं पांढऱ्या चादरींवर ओळीनं झोपलेली. त्यात मार्सेलही. त्याच्या गालावर माशी बसली होती. मी हाकलली, गाल पुसला. तो हलला नाही.

‘शिस्त — उत्तम’ लिहिलं. अ दिला. दहा मिनिटांत काम झालं, चहाही मिळाला.

२७ फेब्रुवारी, सोमवार

बाजारात रोझलीन भेटली. पोरगा शहाणा झालाय म्हणाली — रडत नाही, संध्याकाळी खायलाही मागत नाही. म्हणताना माझ्याकडे बघत होती. नवी जागा आहे, रुळेल, असं मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

१ मार्च, गुरुवार

मार्सेल उठेना. रोझलीन दुपारी त्याला न्यायला गेली तर मान टाकलेली. टोपली तिथेच सोडून दवाखान्यात धावली. मला निरोप आला तेव्हा तीन वाजले होते.

डॉक्टरांनी पापण्या उघडून बघितल्या आणि विचारलं, “याला अफू कोण देतं?” रोझलीनला प्रश्नच कळेना. मला कळला.

आम्ही दोघी त्याच्या छातीकडे बघत बसलो. मध्येच हालचाल थांबल्यासारखी वाटायची, मग पुन्हा सुरू व्हायची. सहाच्या सुमाराला त्याने डोळे उघडले.  रोझलीनने त्याला उचलून पदरात घेतलं.

२ मार्च, शुक्रवार

चंद्रकांताबाईंकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही. मोहरीएवढी देते म्हणाल्या, त्यांच्या आईनेही सगळ्या भावंडांना दिली होती. काल चुकून दोनदा गेली असेल. मी आवाज चढवला.

त्या शांतपणे म्हणाल्या, “नऊ मुलं रडत असती, तर तुम्ही अ दिला असता?”

उठून आले.

३ मार्च, शनिवार

चिटणीस राऊतसाहेबांना सगळं सांगितलं. माशीचंसुद्धा. पाळणाघर आजच बंद करू म्हणाले, पण तपासणीनंतर हा प्रकार सुरू झाला असं लिहा. तुमच्याही नोकरीचा प्रश्न आहे, संस्थेचंही नाव आहे. वाईट माणूस नाही. पाणीही स्वतः आणून दिलं मला.

मी लिहिलं — मुलं माझ्यासमोर गुंगीत होती, मला शंका आली होती, मी ती लिहिली नाही.

खाली सही केली. 

७ मार्च, बुधवार

माझ्या अहवालाला संस्थेचं अजून उत्तर नाही. साहेब माझ्याशी बोलत नाहीत.

मालूकडे जाऊन आले. मागे विहिरीवर फळी बसवून देते, संस्थेशी भांडते, पुन्हा सुरू कर म्हटलं. ती आता मासळी वाळवायच्या कामाला जाते. “आता नको बाय. परत कोन तरी लिवून नेल,” म्हणाली. तरी मार्सेल कसा आहे ते दोनदा विचारलं.

१२ मार्च, सोमवार

पहाटे दार वाजलं. रोझलीन. डोक्यावर टोपली, कडेवर मार्सेल. मी आत ये म्हणेपर्यंत तिनं त्याला माझ्या हातात दिलंसुद्धा. “तूच सांभाल आता,” म्हणाली, आणि वळून बाजाराकडे चालू लागली.

आज कामावर गेले नाही.