तीन किलो चक्का आणि स्टीव्हिया

२७ जानेवारी, सोमवार
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१. डॉक्टर प्रिती म्हणाल्या, गोड बंद, चालणं सुरू, एप्रिलअखेर उतरली नाही तर इन्शुलिन. आमच्या नूपुरच्या वयाच्या असतील. पेशंटला घाबरवायचं या लोकांना ट्रेनिंगच असतं. मी अजिबात घाबरलो नाही. बाहेर पडल्यावर दादांचा, म्हणजे वडिलांचा, पाय साखरेपायी कापला होता ते आठवलं, म्हणून चालत न येता टॅक्सी केली.

२ फेब्रुवारी, रविवार
राणीच्या बागेत झाडाफुलांचं प्रदर्शन. नलूला गुलाब बघायचे होते. मला आयुष्याची दिशा सापडली. स्टीव्हिया! साधं झुडूप, पान चावलं की साखरेहून गोड, कॅलरी शून्य. म्हणजे डायबेटिसवाल्याने काहीही सोडायचं नाही. विमा कंपनीत जन्मभर क्लेम तपासले, पुरावा म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. आजपासून संशोधन. रसायनशास्त्र आणि आरोग्य, दोन्ही.
सहा कुंड्या घेतल्या. नलू म्हणाली, अहो, आता कपडे कुठे वाळत घालू? विज्ञानाला पहिला विरोध घरातूनच.

५ फेब्रुवारी, सकाळ
पानं चहात उकळली. गोड! मागाहून ज्येष्ठमध आणि टॉर्चचा सेल चाटल्यासारखी चव. नलूने कप बेसिनमध्ये ओतला. तिच्या जिभेत शास्त्रीय वृत्ती नाही.
नूपुर केमिस्ट्रीची एमएस्सी, लोअर परळला एका फूड कंपनीच्या लॅबमध्ये असते. ती म्हणाली, गोडी पानातल्या स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड्सची. ती साखरेसारखी पचत नाहीत. आतड्यातले बॅक्टेरिया तोडतात आणि उरलेलं शेवटी लघवीवाटे जातं. कच्च्या पानांवर पुरेसा अभ्यास नाही, म्हणून शुद्ध केलेला अर्क वापरतात. "आणि बाबा, हे औषध नाही. हे साखरेऐवजी खायचं, साखरेसोबत नाही."
शेवटचं वाक्य विशेष महत्त्वाचं वाटलं नाही.

११ फेब्रुवारी
प्रयोगाला कंट्रोल ग्रुप लागतो. एका बाजूला स्टीव्हिया खाणारे, दुसऱ्या बाजूला साखर खाणारे. माणसं मिळेनात. सध्या दोन्ही बाजू मीच. सकाळी स्टीव्हियाचा चहा, संध्याकाळी जिलबी.
जिलबी खाताना मजा येत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. काम आहे.

२० फेब्रुवारी
पहिला स्वयंसेवक मिळाला. रॉक, ऑफिसातला जुना दोस्त, गिरगावचा. त्याचीही साखर चढलेली. शिवाजी पार्कला चालायला बोलावलं. कट्ट्यावर बसलो. पान चावून म्हणाला, "अण्णा, डॉक्टरला विचारलंस?" म्हटलं, डॉक्टर गोळ्या लिहितात, संशोधन मी करतो. म्हणाला, बायको, कार्मेन, घरात केक लपवून ठेवते, चोरासारखं वाटतं. "तुझं हे खरं निघालं ना, तर तू देवमाणूस."
जबाबदारी वाढली. वाटेत एक उसाचा रस घेतला (कंट्रोल).

९ मार्च, रविवार
अर्क काढायला घेतला. साधन: कुकर. तिसऱ्या शिट्टीला हिरवं पाणी छतापर्यंत. नलू म्हणाली, या घरात एक तर ही पानं राहतील नाहीतर मी. भावनेच्या भरात बोलली. पानं संपल्यामुळे प्रश्न आपोआप सुटला.
नूपुरने शुद्ध पावडरीची बाटली आणून दिली, शंभर ग्रॅम. साखरेच्या दोनशे-तीनशेपट गोड म्हणे. दोनदा बजावलं, "बाबा, चिमूटभर."

२९ मार्च
उद्या पाडवा. गच्चीवर सोसायटीचा कार्यक्रम. चेअरमन धोंडू सावंतांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी चाळीस मिनिटांचं भाषण तयार केलंय, विषयाची व्याप्तीच तशी आहे. भाषणाआधी सर्वांना स्टीव्हियाचं श्रीखंड. तीन किलो चक्का, साखर शून्य.
चिमूट हे माप शास्त्रात बसत नाही. तीन किलो चक्क्याला साखर लागते तीन किलो. त्यापुढे शंभर ग्रॅम म्हणजे काय? काहीच नाही. बाटली पूर्ण ओतली.
मी चाखलं नाही. संशोधकाने स्वतः चाखलं की पक्षपात होतो.

३० मार्च, गुढीपाडवा
प्रचंड यश.
रॉक आणि कार्मेन मुद्दाम गिरगावहून आले होते. रॉकने मोठा चमचा तोंडात घातला. आधी डोळे मोठे झाले, मग बारीक, मग मिटले. सावंतांनी कवळी काढून हातात धरली. तळमजल्याच्या शेवंतीकाकू पाण्याच्या टाकीकडे धावल्या. कार्मेनने छातीवर क्रॉसची खूण केली. मी चाळीस मिनिटं बोललो. इतक्या शांतपणे मला आजवर कोणी ऐकलेलं नाही.
जाताना रॉक म्हणाला, "अण्णा, ही चव जात नाही रे. पाणी प्यालो तर पाणी गोड लागतं." परिणाम दीर्घकाळ टिकतो, हा निष्कर्ष नवीन आहे.
घरी येऊन डेअरीचं श्रीखंड खाल्लं. पाव किलो. कंट्रोल.

२१ एप्रिल
रॉकचा फोन. वाटलं, शिव्या देईल. तर म्हणाला, काल ईस्टर होता, कार्मेनने केक समोर ठेवला आणि त्याला नुसत्या वासाने ढवळलं. पाडव्यापासून गोडाला हात लावलेला नाही. सकाळी चालतोसुद्धा. कार्मेन आनंदाने रडली म्हणे. नलूने चाटण्यापुरतं खाल्लं होतं, तीही बिनसाखरेचा चहा पिते. शेवंतीकाकूही. माझं संशोधन सिद्ध झालं. बर्फी आणून एकट्यानेच साजरं केलं, बाकी कोणी खायला तयार नाही.

२८ एप्रिल
रिपोर्ट. रॉक ८.६ वरून ७.७. मी १०.३.
लॅबची चूक, उघड आहे. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो.

२९ एप्रिल
१०.४.
नूपुर जवळ बसली. काय काय खातोस, सगळं सांग म्हणाली. कंट्रोल ग्रुप समजावून सांगितला. ती हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, "बाबा, अख्ख्या बिल्डिंगमध्ये ते श्रीखंड न खाल्लेला तू एकटाच आहेस." म्हटलं, याला सचोटी म्हणतात. तिने माझा हात धरून ठेवला. बराच वेळ. मी पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो.

३ मे, शनिवार, सकाळ
इन्शुलिन सुरू. डॉक्टर प्रिती म्हणाल्या, सुई इतकी बारीक असते की कळतही नाही. नलूने चष्मा लावला, माझ्या पोटाला चिमटा धरला. सुई दोनदा जवळ आणून मागे घेतली. म्हटलं, घाबरू नकोस, मला काही होत नाही.
टोचली.
कळतं.