चौथ्या प्रकरणातली मुळं

उप्साला, २४ एप्रिल १९८६

आदरणीय सिक्स्टनकाका,

इंगेलाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंची मेंढी व्याली का? मी खुशाल आहे (सर्दी सोडून).

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की माझ्या रोपांच्या मुळांना खाली कुठे ते कळत नाही. ते खरं नाही. त्यांना उत्तम कळतं.

माझ्या लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही मोड आलेल्या वाटाण्याची बरणी आडवी करायचात आणि दुसऱ्या दिवशी मूळ गळासारखं खाली वळलेलं दिसायचं. मुळाच्या टोकाशी पिठाचे बारीक कण असतात. ते पेशीत ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू. त्या बाजूची वाढ मंदावते आणि मूळ तिकडे वळतं. माझ्या एका वाणाची मुळं मात्र तीन हिवाळे वळली नाहीत. त्यावर मी प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहिलं.

संध्याकाळी रोपं आडवी ठेवायची आणि सकाळी वळण मोजायचं, अशी माझी पद्धत. साधी रोपं मी फळीवर ठेवायचे. फळी भरली, म्हणून माझा वाण कोपऱ्यातल्या बंद चाकाच्या खाचांत ठेवला. (दोन्ही एकाच जागी ठेवायला हवे होते, हे मला माहीत होतं. पण शेजारी काम करणाऱ्याला त्याच्या कुंड्या हलवायला सांगणं बरं दिसेना.) हे चाक सावकाश फिरवलं की मुळाला खालची दिशा कधी एक राहतच नाही. त्यासाठीच ते बनवलेलं आहे. पण ते बंद होतं.

परवा कॉफीच्या वेळी सफाईवाल्या गुनेलबाई दालचिनीचा पाव मोडत म्हणाल्या, "तुझं चाक फार कुरकुरतं गं. तेल घाल त्यात. रोज रात्री लावताना माझेच दात आंबतात."

मी विचारलं, कुठलं चाक.

"कुठलं म्हणजे? भिंतीवरच्या चिठ्ठीत लिहिलंय की. रात्री लावावे, पहाटे बंद करून होते तसे ठेवावे. तुझा कोट असतो त्यावर. पण मी कोट उचलून पुसते हो."

चिठ्ठी माझ्या मार्गदर्शकांच्या, हेडवालसरांच्या अक्षरात आहे, कुठल्यातरी जुन्या प्रयोगाची. गुनेलबाई पहाटे चाक इतक्या अचूक जागी थांबवायच्या की माझ्या लेबलावरची अक्षरं एकदाही तिरकी दिसली नाहीत. आमच्या विभागात इतकं काटेकोर काम दुसरं कोणी करत नाही. माझा वाण काल मी फळीवर ठेवला. सकाळपर्यंत सगळी मुळं वळली होती.

प्रबंधाच्या दोनशे प्रती छापून झाल्या आहेत. रिवाजाप्रमाणे ९ मे रोजी एक प्रत विद्यापीठाच्या फळ्यावर खिळ्याने ठोकायची आहे. बाकी सर्व ठीक.

तुमची,
इंगेला

ता. क. बाकी सर्व ठीक नाही. चर्चच्या कचेरीतल्या प्रती काढायच्या यंत्रावर दोनशे दुरुस्तीपत्रकं काढून द्याल का? मजकूर सोबत आहे. चूक माझी, एवढंच त्यात आहे. गुनेलबाईंना जूनमध्ये निवृत्त व्हायचं आहे, त्यांचं नाव कुठे येऊ नये. चिठ्ठीचा उल्लेखही नको.

ता. क. २. हेडवालसरांना अजून सांगितलेलं नाही. ते चौथ्या प्रकरणावर फार खूश आहेत, लुंडच्या विद्यापीठात त्यावर भाषणही देऊन आले. प्रबंध थांबवा म्हणाले तर चार वर्षं गेली. मी सोमवारी सांगणार होते, पण सोमवारी त्यांचा दात काढायचा आहे. मंगळवारी, २९ एप्रिलला, सव्वानऊ वाजता, कॉफीच्या आधी.