चतुर्थीला खाल्लेले पोहे

प्रिय जाऊबाई,

आज संकष्टी आहे आणि मी सकाळीच वाटीभर पोहे खाल्ले. वर बीपीची गोळीही घेतली. तेव्हापासून चैन नाही. दुकानात फोन आलाय आता, पण तुमच्याकडे कुठून लागायचा! म्हणून तुमच्या वैशूच्या वहीतलं पान मागून लिहायला बसले.

हो, मलाही बीपी निघालं! वर्ध्याच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "घे बाई, माह्यं सगळंच तुले पाह्यजे, लुगडी बी अन् बिमारी बी!"

तुमची गोळी कोनाड्यात असायची, आठवतं? भाऊजींचा डबा, वैशूची वेणी, सासूबाईंचं तेल, सगळं तुम्ही वेळेवर करायच्या. आणि सोमवारी, चतुर्थीला दिवसभर नुसत्या चहावर! त्या दिवशी गोळीला सुट्टी. मी विचारलं की उत्तर तयार. "जेवलीच नाई त गोळी कशी घेऊ वं? चिठ्ठीवर 'जेवल्यावर' लिहून हाये ना." आणि मी बावळट, मला ते पटायचं! डॉक्टरांना एकदा विचारावं, हे आपल्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

त्या चतुर्थीला तुम्ही केळझरच्या गणपतीला जाऊन आलात. एसटीतून उतरलात तेव्हाच चेहरा लालबुंद होता. डोकं धरून भिंतीला टेकलात अन् म्हणालात, "कायी नाई होत. चंद्र निघाला का खाईन, गोळीबी घेईन." तेव्हा तरी मी पोळी आणि गोळी पुढे करायची ना? मी काय केलं? निवडायला डाळ ठेवली! तुम्ही ती निवडायलाही बसलात. दिवेलागणीच्या आत तिथंच कलंडलात. जीपनं वर्ध्याला नेलं, पण तुम्ही परत आला नाहीत.

त्या डाळीचा मला अजून राग येतो. तुमचाही येतो, खरंच येतो हो! मला ताप आला तेव्हा दोन दिवस खाटेवरून उठू दिलं नाही, रागावून रागावून पेज पाजली. मग स्वतःवरच काऊन नाई रागावलात?

आज पोहे खाताना वैशू दारात आली. दहावीत आहे आता. तीही तुमच्यासारखीच चतुर्थी धरते. म्हणाली, "काकू, उपासाच्या दिवशी पोहे खाऊन राह्यल्या?"

"हो. गोळी घ्याची हाये. ये, बस, तूबी खाय."

ती बसली नाही. म्हणाली, "आई नव्हती खात."

जाऊबाई, त्या पोरीला उपाशी राहायला कुणी सांगितलं होतं का? तिनं तुम्हाला पाहिलं, मला पाहिलं. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते खाताना, तेही उभ्या उभ्या. आपण शिकवलं नाही तरी ती शिकलीच की!

म्हणून तुम्हाला शब्द देते. गणपतीला हात जोडीन, चंद्राला नैवेद्यही दाखवीन, पण गोळी चुकवणार नाही. रोज गरम ताट वाढून वैशूसमोर बसीन, आणि ती शेजारी येऊन बसेपर्यंत हाका मारीन. पुन्हा "आई नव्हती खात" म्हणाली, तर सांगीन, "म्हणूनच तुही आई आज नाई, पोरी." तुमच्याबद्दल असं बोलायला जीभ धजणार नाही. तरी बोलीन. तेवढं पोटात घाला.

सेलूहून,
तुमची धाकटी,
सुमन