रविवारची गळती

दि. ६ जानेवारी

चि. अर्ध्यास,
अ. उ. आ.

फोनवर बोलायची सोय नाही. तू 'बघतो ताई' म्हणून बोलणं अर्ध्यावरच संपवतोस, म्हणून कागद घेऊन बसले. बाबांच्या शेजारच्या काकूंकडून कळलं, की बाबांनी मागच्या अंगणातली ती जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी बाहेर काढली आहे आणि दर रविवारी तू तिची भोकं बुजवायला जाणार आहेस. अभिनंदन! छातीत दोन स्प्रिंगा घातलेला, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस एकटा तळ्यात जाणार आणि त्याचा मुलगा त्याला होडी सज्ज करून देणार.

त्यांना नाही म्हणायची तुझी छाती नाही. माझीही नाही. म्हणून जन्मभर करत आलास तेच कर. तुझा टायपिंगचा कोर्स अर्धा, घराचा रंग अर्धा, स्वतःच्या लग्नातलं भाषणसुद्धा अर्धं. आई तुला उगाच अर्ध्या म्हणत नव्हती. ही होडीही अर्धीच राहू दे. एक भोक बुजव, दोन विसर. तुझा आळस पहिल्यांदाच घराच्या उपयोगी पडतोय, संधीचं सोनं कर.

बाबांना काही झालं तर मी तुला आणि स्वतःला माफ करणार नाही, एवढं मात्र थट्टेवारी नेऊ नकोस.

लोभ आहे; तो तरी पूर्ण ठेव.

तुझी ताई


दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे काम उत्तम रखडलं आहे. आमची पद्धत अशी. आधी होडीत नळीनं पाणी भरायचं आणि बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूनं खूण करायची. मग होडी रिकामी करून पालथी घालायची. मी खाली शिरून पत्रे जोडणाऱ्या सैल रिव्हेटला आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो, बाबा बाहेर स्टुलावर बसून त्याच्या डोक्यावर हातोडा मारतात. शेवटी वरून फटी बुजवायचं सीलंट. कानाचे पडदे शाबूत आहेत हे नशीब. दर वेळी दोन-तीन ठिकाणी मी ठोकळा नुसता धरल्यासारखं करतो. रिव्हेट ढिलाच राहतो.

पण एक घोटाळा आहे. मी सोडलेल्या जागा मला पाठ आहेत. पुढच्या रविवारी पाणी भरलं की त्या गळतातच, पण भलतीकडूनही गळतं, जिथे मी इमानेइतबारे काम केलंय तिथून! परवा निरखून पाहिलं तर सीलंट खरवडलेलं आणि शेजारी स्क्रू-ड्रायव्हरचे ताजे ओरखडे. ताई, मी नसताना बाबाच ते उकरून ठेवतात. मी एक भोक सोडतो, ते दोन पाडतात. अशानं होडीची चाळणी होईल.

का, तेही मला कळलं. आई गेल्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसलो की आज उकडतंय, यापलीकडे गाडी सरकत नव्हती. पण मी पत्र्याखाली अंधारात असलो की बाबा बोलतात. परवा म्हणाले, की आई या होडीत एकदाही बसली नाही, पण ते परत येईपर्यंत काठावर उभी असायची. मग पुढच्या रिव्हेटवर हातोडा मारायला लागले. मी आतून ठोकळा घट्ट धरला. रडू आलं, हे तुला म्हणून सांगतो. होडी झाली की हे सगळं संपणार, याची मला भीती वाटते.

लोभ वाढवावा, सल्ले कमी केले तरी चालतील.

तुझा अर्ध्या


दि. २ मार्च

चि. अर्ध्यास,
अ. उ. आ.

म्हणजे चोरावर मोर! तुला चांगलं फैलावर घेणार होते, पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात.

आता हा पोरखेळ पुरे. होडी नीट कर. वडिलांकडे जायला काय भोक लागतं? ती झाल्यावरही रविवारी जा, समोर बस आणि बोल. तोंड उघडायला डोक्यावर पत्रा कशाला हवा? सोबत नारिंगी लाइफ जॅकेट पाठवते आहे. ते घातल्याशिवाय बाबांना पाण्याजवळ फिरकू देऊ नकोस.

लोभ आहे, आणि या खेपेला थोडा जास्तच.

ताई


दि. ३१ मार्च

चि. सौ. ताईस,
अ. उ. आ.

मला कोणी काही सांगितलेलं नाही. पण माझा जन्म कारखान्यात गेला. आतून ठोकळा घट्ट धरला असेल तर हातोड्याचा आवाज भरीव येतो, नुसता धरल्यासारखा केला असेल तर पोकळ. पहिल्याच रविवारी पोकळ आला. एवढी युक्ती अर्ध्याला स्वतःहून सुचणार नाही. असली डोकी तुझीच.

आणि मी तळ्यात जाणार, हे तुम्हाला सांगितलं कोणी? माझे गुडघे मला बाथरूमचा उंबरठा ओलांडू देत नाहीत, मी होडीत कुठला चढतोय! तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारलं असतं तर तो रविवारी आला नसता, म्हणून बरंच झालं.

या महिन्यात आवाज एकदम भरीव यायला लागला. चिरंजीवांनी एक काम तडीस न्यायचं मनावर घेतलेलं दिसलं. मग मी स्क्रू-ड्रायव्हर खणात ठेवून दिला. मला त्याचा अभिमान वाटला. त्याच्या तोंडावर म्हणायला जमायचं नाही, म्हणून तुला लिहितो.

आज होडी पाण्यात उतरवली. तो एकटाच वल्हवत पार पलीकडे जाऊन आला. मी काठावर खुर्ची टाकून बसलो होतो, तुझं नारिंगी जॅकेट घालून. येणारे-जाणारे हसत होते. पण होडी ठिपक्याएवढी झाली तेव्हा मला बसवेना. गुडघे दुखत होते तरी उभा राहिलो. तुझी आई इतकी वर्षं कशी उभी राहिली असेल, ते आज कळलं.

तो परत आला, होडी काठाला ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, की मागच्या बाजूला किंचित पाझरतंय वाटतं. मी वाकून तळावरून हात फिरवला. तळ खडखडीत कोरडा होता. मी बोटं पँटला पुसली आणि म्हटलं, की हो, पाझरतंय खरं, येत्या रविवारी बघायला हवं.

खुणा करायला एक माणूस कमी पडतो. तूही ये. लोभ तू आण, खडू माझ्याकडे आहे.

बाबा