मोठ्या सुनेचा डावा हात

मुलुंड, गुरुवार. नोव्हेंबर ८७

सिरियल संपून महिना झाला, तरी संध्याकाळी आमच्याकडे जमलेल्या बायकांच्या तोंडी तीच. शेजारची कुंदा म्हणाली, "मोठ्या सुनेने पत्र चुलीत टाकलं ना, तेव्हा हात भाजला गं तिचा!" तर हे पेपरामागून म्हणाले, "डावा हात."

सगळ्या हसल्या. "भाऊजी चोरून बघायचे वाटतं!" कुंदा तेवढी हसली नाही.

मला मात्र आठवलं. त्या आठवड्यात टीव्ही रिपेअरला होता, आणि मजल्यावर टीव्ही आमचाच. तो भाग आम्हा कुणाला बघायलाच मिळाला नाही. कुंदा तेव्हा घाटकोपरला आईकडे होती, तिने तिथे बघितला असेल. पण हे? ह्यांना तर त्या दिवशी अंधेरीला ओव्हरटाइम. ऑफिसात कुठला आलाय टीव्ही? कुणी गोष्ट सांगितली असेल म्हणावं, तर सांगणारा हात भाजला एवढंच सांगेल. डावा कशाला सांगेल?

जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या पत्रात होतं तरी काय हो?"

"मला काय ठाऊक? मी कुठे बघतो सिरियल!"

मी भात वाढला. कुंदाचा घाटकोपरचा पत्ता मी कधी विचारलाच नाही.