तांबू का चावतो

४ मार्च
आज पुन्हा. सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, मी नि तांबू. तो वाळूतल्या बिळात नाक खुपसून कुर्ल्या हुडकत होता. मागून एक काळं कुत्रं आलं, बिचारं शेपूट हलवत. तांबू गर्रकन वळला नि धरलंच त्याला मानेशी. महिन्याभरात ही तिसरी खेप.
सात वर्षं झाली ह्याला घरी. ताटलीतलं मांजराने खाल्लं तरी बघत बसणारा प्राणी.
साखळीचं टोक मारलं दोन वेळा. मग घरापर्यंत माझंच तोंड कडू. आता हाका मारते तर ढुंकून बघत नाही. रुसलाय मेला.

५ मार्च
सु. म्हणतो, "म्हातारपणी तारुण्य फुटलंय त्याला." (सु. म्हणजे सुधीर. नवऱ्याचं आख्खं नाव लिहायचा कंटाळा, नि चारचौघांत 'हे' म्हणते तसं वहीत 'हे' लिहिलं की माझं मलाच हसू येतं.) तीस वर्षं बोटीवर, इंजिनरूममध्ये. मागच्या दिवाळीपासून कायमचा घरी. सगळ्यावर मत आहे. डाळीला फोडणी कधी द्यायची, यावरसुद्धा.
तांबू अजून रुसलेला. स्कूटर आली तरी फाटकाशी गेला नाही.

९ मार्च
लिहवत नाही. तरी लिहिते.
शेजारच्या मंगलवहिनींच्या सोनीचा कान फाडला. सोनी! पिल्लू होता तेव्हा जिच्या पोटाशी झोपायचा ती सोनी. दोन घरांमधल्या दगडी गडग्याचे दोन चिरे पडलेत, तिथून ह्या दोघांची रोजची ये-जा. दुपारी तांबू फणसाखाली झोपलेला. सोनी आली, नेहमीसारखा त्याचा कान चाटायला गेली. झोपेतून उठला तो तोंड उघडूनच.
चार टाके. मं.वहिनींनी एक शब्द काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोलून मोकळी झाले असते. नवरा मुंबईला, मुलगी सासरी, घरात त्या नि सोनी. संध्याकाळी त्यांनी गडग्यातली वाट काट्या टाकून बुजवली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मदतीला जावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडाने?

११ मार्च
प्रत्येकाकडे औषध आहे. दृष्ट काढा. नारळ ठेवा. ऑपरेशन करून टाका. मासळी बंद करा, मासळीने रक्त तापतं म्हणे. मग अख्ख्या भाट्याचं तापायला हवं.
पूर्णगडहून भाऊजींचा फोन. "वहिनी, माझ्याकडे पाठवा. जाळ्यांपाशी बांधून ठेवतो, राखण होईल." बांधून म्हणजे दिवसभर नि जन्मभर. साखळी जेवढी लांब तेवढं जग. सु. म्हणाला, बरं, शिमगा झाला की आणून सोडतो.
मला विचारलं नाही. मी भाकऱ्या थापत होते, थापतच राहिले. शेवटची पार फाटली.

१६ मार्च
पालखी आली घरी. घरापुढच्या खळ्यात ढोल-ताशे असे की खिडकीची तावदानं थरथरली. दरवर्षी ढोल वळणावर वाजला की तांबू आमच्या खाटेखाली, पार भिंतीला चिकटून. पालखी दुसऱ्या वाडीत गेल्यावर सुकट दाखवून बाहेर काढावा लागतो. यंदा पडवीत पाय पसरून झोपलेला. ढोलवाला त्याच्या शेपटीवर पाय देणार होता, तेव्हा कुठे जागा झाला.
सगळे कौतुकाने बघायला लागले. गुरवकाकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या मुक्या जनावराच्या डोक्यात जे काय शिरलं असेल ते भायर काढ, त्याला गरीब कर, नि शेजाराशेजारात वाकडं येऊ देऊ नको म्हाराजा." सगळे, "व्हय म्हाराजा." मी सगळ्यांत मोठ्याने.
आणि तो एवढ्या गोंगाटात परत झोपला. मला रडूच आलं. म्हटलं, पावला देव, लगेच पावला.
मं.वहिनी ओटी भरायला आल्या होत्या. जाताना प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा पडवीच्या कडेला ठेवून गेल्या, तांबूसाठी. माझ्याशी बोलल्या नाहीत.

१८ मार्च
आज वर सड्यावर, आमच्या आंब्याच्या कलमांत. वानरं फार माजलीत, बारक्या कैऱ्या चावून चावून टाकतात. सु. ने पाइपची बंदूक केलीय, कार्बाइडचा बार काढतो. बार झाला की माझ्या दातांपर्यंत जातो. त्याला काही नाही, इंजिनरूमने कान कधीच खाल्लेत. कानाचं यंत्र घ्या म्हटलं की म्हणतो, म्हातारे लावतात. तांबू जानेवारीत पहिल्या बाराला विहिरीपर्यंत पळाला होता. हल्ली सु. च्या पायाला टेकून बसतो. "माझा असिस्टंट," सु. सगळ्यांना सांगतो. मीही सांगितलंय, घाबरट होता, आता बघा.
आज चहा घेऊन गेले. दोघं माझ्याकडे पाठ करून बसलेले, कलमांकडे बघत. हाक मारली, "अहो, चहा." सु. वळला नाही. ते नेहमीचंच.
तांबूपण वळला नाही.
"तांबू." नाही. "तांबू, बिस्कीट." नाही. बिस्कीट शब्दाला हा तीन घरांपलीकडून यायचा. हातातली स्टीलची थाळी कातळावर टाकली. माझे स्वतःचे कान झणझणले. दोन पाठी. एक सुद्धा हलली नाही.
चहा तिथेच ठेवला आणि वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. दोघांनी एकदमच बघितलं, दोघांना केवढा आनंद.

१९ मार्च
गुरांचा दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, आवाज शांत. त्याच्या मागे किल्ल्या वाजवल्या, शिट्टी, पत्र्याचं झाकण. काही नाही. कानात मळ नाही, पू नाही. "काकू, याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाहीये. मोठ्या आवाजाजवळ असतो का हा?"
मी सु. कडे बघितलं. तो त्यांचे ओठ बघत होता, प्रश्न कळला नव्हता. मग मलाच त्याच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं, "विचारतायत, मोठ्या आवाजाजवळ असतो का." बाहेरच्या बाकावरचे शेळीवाले पण वळून बघायला लागले. सु. चा चेहरा मी विसरणार नाही.
बाई म्हणाल्या, तो चिडका झालेला नाही, घाबरलाय. मागून कोण येतंय ते कळत नाही. अंगाला लागलं की दचकतो, दचकला की चावतो. कुत्री आधी गुरगुरून सांगतात, लांब हो म्हणून, तेही ह्याला ऐकू येत नाही. गेलेले कान परत येणार नाहीत. अचानक हात लावू नका, पुढून या, दोरीशिवाय सोडू नका.
आणि मी त्याला साखळीने मारलं. हाकेला येत नाही म्हणून रुसलाय म्हटलं. शिमग्यात देवाचे आभार मानले.
येताना स्कूटरवर तांबू आमच्या दोघांच्या मध्ये. 

२० मार्च
सु. ने कोयत्याने बंदुकीचे तुकडे केले. मग पडवीत बसून राहिला. मला भांडायचं होतं, सकाळपासून वाक्यं तयार होती. म्हणाला, "बोटीवर कानाला लावायला द्यायचे. मी नाही लावायचो, लावलं की पोरं हसायची. माझे कान मी घालवले, ठीक आहे. ह्याचे कोणाला विचारून घालवले?"
वाक्यं गिळली. त्याच्या शेजारी बसले. तीस वर्षं हा माणूस दूर होता, त्यातली शेवटची सहा-सात ह्या कुत्र्याने घर राखलं आणि मला बोलायला कोणीतरी राहिलं. हे त्याला सांगितलं. मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही ऐकलं असणार. ऐकू देत.
भाऊजींना फोन त्यानेच केला, नाही देत म्हणून.

२१ मार्च
मं.वहिनींकडे गेले. पुढच्या दाराने, पाहुण्यासारखी. सगळं सांगितलं, बंदुकीचंसुद्धा. सोनीच्या कानावर हळद-तेल. त्यांनी सोनीला जवळ ओढलं. मग, "म्हणजे तिच्यावर रागावला नव्हता तो?"
"नाही हो. त्याला कळलंच नाही ती आहे ते."
त्या पदर तोंडाला लावून रडल्या. नंतर डोळे पुसून म्हणाल्या, "पण काट्या नाही काढायची गो मी. परत धरलंन तर ही वाचायची नाही." बरोबर आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असते तर मीही नसत्या काढल्या.

२९ मार्च
सु. ला नवीन उद्योग. इंजिनरूममध्ये कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, सगळं हातवाऱ्यांवर चालतं. तेच तांबूला शिकवतोय. तळवा पुढे, थांब. मूठ खाली, बस. बोट फिरवलं, माझ्याकडे बघ. बक्षीस मांदेलीचा तुकडा. घरभर वास.
झोपेतून उठवायचं तर लांबून जमिनीवर पाय आपटायचा, म्हणजे आधी त्याला हादरा कळतो. मी आपटते तर सु. च दचकतो.
'बस' आलं. 'थांब' आलं तर आलं.

४ एप्रिल
वाईट दिवस. किनाऱ्यावर दोरीने नेलं होतं. मागून दोन कुत्री धावत आली. सु. ला ऐकू आली नाहीत, तांबूलाही नाही. मी शिंपले बघत मागे राहिले होते, ओरडले, कोणाला ओरडले देव जाणे. तांबू उसळला, सु. पडला, गुडघा सोलवटला. एका कुत्र्याच्या पायाला रक्त.
भाऊजींना कोणी सांगितलं कोण जाणे. "वहिनी, उद्या मुलाबाळावर आला तर?" तोंडाला जाळी आणलीय, बाहेर जाताना लावतो. तो ती पायाने काढायचा प्रयत्न करतो नि मग माझ्याकडे बघतो. मला बघवत नाही.
वानरांनी खालच्या कलमांचा फडशा पाडला. खाऊ देत.

१२ एप्रिल
सु. स्वतः म्हणाला, कान तपासून घेऊ. मी आ वासून बघत राहिले. "दोघांपैकी एकाला तरी मागचं ऐकू यायला हवं," म्हणाला. महिनाअखेरीस जायचंय.
आता तांबू दर थोड्या वेळाने आपणहून वळून सु. च्या हाताकडे बघतो, काही सांगतोय का म्हणून. किती विश्वास असतो जनावराला. ज्याने कान घालवले त्याच्याच हाताकडे.

१९ एप्रिल
मं.वहिनी फाटकातून आल्या, सोनीला दोरीने घेऊन. मी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, "ती रोज काट्यांशी जाऊन बसते. मला बघवत नाही. लांबूनच बघू दे एकमेकांना."
सु. ने तांबूला जाळी घातली, खळ्याच्या त्या टोकाला घेऊन उभा राहिला. सोनी ह्या टोकाला. तांबूने तिला बघितलं, शेपूट सुरू. ती दोन पावलं पुढे, तोही. मं.वहिनींचा हात माझ्या दंडावर, घट्ट.
मग सोनी गुरगुरली. अगदी हळू, घशातल्या घशात. मला ऐकू आलं, वहिनींना ऐकू आलं. पलीकडच्या दोघांना नाही, ते दोघं आनंदात पुढे यायला निघाले. मी तळवा पुढे केला. सु. ने बघितला, त्याने तसाच तांबूला केला. तांबू थांबला. बसला. नजर सु. च्या हातावर.
सोनीचं गुरगुरणं थांबलं. पण पुढे आली नाही.
वहिनी म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं घरी नसाल तेव्हा?"
सु. ने लांबून विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"
मी तळवा तसाच पुढे धरून ठेवला. सोनी कान पाडून तांबूकडे बघत होती, आणि आम्ही सगळे तिच्याकडे.